कॅसिनोत पडलात तर 'बाथरूममध्ये पडलो' असं सांगू नका

मागच्या अंकात जेटीवर आणि होडीत पाय घसरून होणाऱ्या अपघातांबद्दल लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यात एक विषय परत परत आला, पणजीच्या कॅसिनोत किंवा तिथे जाता-येता पडलेली माणसं. आपल्याकडून, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीतून, लोक तिकडे जातात हे सगळ्यांना माहीत आहे पण बोलत कोणी नाही, आणि त्यामुळेच पडल्यावर पुढे काय करायचं हेही कोणाला नीट कळत नाही. म्हणून यावेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलंय. नावं कोणाचीच छापलेली नाहीत, बहुतेकांनी तशी विनंतीच केली होती.

प्रश्न : आई ६३ वर्षांची आहे. दिवाळीनंतर आम्ही सगळे गोव्याला गेलो होतो, मावसभावाने हौसेने कॅसिनोच्या बोटीची तिकिटं काढली, जेवण त्यातच होतं. जेवून टेबलांकडे येताना मध्ये एक पायरी होती, वर खाली एकच नक्षीचा गालिचा, उजेड कमी, आईला पायरी दिसलीच नाही आणि ती कुशीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिथल्या लोकांनी व्हीलचेअर दिली, छोट्या बोटीने किनाऱ्याला आणून सोडलं. बाबा म्हणाले गावात काय तोंड दाखवणार, म्हणून हॉस्पिटलात 'हॉटेलच्या बाथरूममध्ये पडली' असं सांगितलं. आता ऑपरेशनचा खर्च डोईजड झालाय. कॅसिनोवाले म्हणतात रोज एवढी माणसं येतात, बाकी कोणी पडत नाही. तक्रार करता येते का? – एक वाचक, मालवण

उत्तर : येते. आणि आधी बाबांना एक सांगा, तुमच्या आईने काहीही चुकीचं केलेलं नाही. गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहेत, गोव्याच्या १९७६ च्या जुगार कायद्यात नव्वदच्या दशकात दुरुस्त्या करून आधी पंचतारांकित हॉटेलात मशीन आणि मग पाण्यातल्या जहाजांवर खेळ यांना परवानगी दिली गेली, तेव्हा तिकीट काढून तिथे जाणं हा गुन्हा नाही. पैज लावून हरलेले पैसे कोर्टात मागता येत नाहीत हे खरं, पण तुम्ही हरलेले पैसे मागतच नाही आहात. तुम्ही तिकिटाचे पैसे देऊन एका जागी गेलात, जेवलात, आणि ती जागा सुरक्षित नव्हती एवढंच तुमचं म्हणणं आहे, ते हॉटेलला लागू होतं, थिएटरला होतं, तसंच यांनाही होतं.

आता 'बाकी कोणी पडत नाही' याबद्दल. हे वाक्य ऐकून लोक गप्प बसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॅसिनोच्या आतल्या भागात खिडक्या नसतात, बाहेर रात्र आहे की पहाट ते कळत नाही, एकूण उजेड मंद आणि त्यात मशीनचे दिवे डोळ्यावर मारणारे. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात हे शाळेत शिकलेलं आहे, पण साठीच्या पुढे बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, डोळ्यातली काच पिवळसर होते, आणि डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो असं डोळ्यांचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे तुमच्या मावसभावाला जी पायरी दिसली ती आईला दिसली नाही यात तिचा निष्काळजीपणा शोधायची गरजच नाही. त्यात गालिचा भडक नक्षीचा आणि पायरीच्या वर खाली तोच. एकटी पायरी ही तशीही सगळ्यात वाईट, चार-पाच पायऱ्या असल्या की डोळ्याला जिना आहे हे कळतं, एकच असली की सपाट जमीनच वाटते. म्हणून तर अशा पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची किंवा उजळ पट्टी लावतात, खाली दिवा देतात, बाजूला कठडा देतात. यातलं तिथे काय होतं आणि काय नव्हतं, तुमच्या तक्रारीचा सगळा जीव त्यात आहे.

काही वेळा अपघातच असा असतो की निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करत बसावं लागत नाही. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं गेली होती, त्या केसमध्ये १९६६ साली सुप्रीम कोर्टाने हेच म्हटलं, मनोरा ज्याच्या ताब्यात त्यानेच उत्तर द्यायचं. आईची केस त्या थराची नाही, पायरीवरून पडण्यात दोन्ही बाजू तपासल्या जाणार, पण जागा ताब्यात असणाऱ्याची जबाबदारी हा मुद्दा तोच आहे.

आता खरी अडचण. ती कॅसिनोवाल्यांनी केलेली नाही, ती 'बाथरूममध्ये पडली' या एका वाक्याने झालीय. हॉस्पिटलात पहिल्यांदा जे सांगतो ते डॉक्टर केसपेपरवर लिहून घेतात, पेशंट कुठे कसा पडला ते, आणि पुढे ग्राहक आयोग असो विमा कंपनी असो, सगळे आधी तेच पान उघडतात. मला आलेल्या पत्रांपैकी जवळजवळ प्रत्येकात हे खोटं कुठे ना कुठे आहेच, कोणी बाथरूम म्हटलं, कोणी देवळाची पायरी म्हटलं, एकाने तर म्हैस आडवी आली असं सांगितलंय. कारण एकच, चार लोकांत लाज. ज्यांची हाडं मोडली त्यांनीच लाजेपोटी पुरावा बुजवायचा आणि ज्यांची पायरी धोकादायक त्यांना काहीच विचारलं जायचं नाही, आणि उद्या त्याच पायरीवरून दुसऱ्या कोणाची तरी आई पडणार, हे मला अजिबात सहन होत नाही.

पण अजून वेळ गेलेली नाही. जुना कागद फाडू नका, खाडाखोड तर मुळीच करू नका. हॉस्पिटलला लेखी अर्ज द्या की सांगताना संकोचाने चुकीचं ठिकाण सांगितलं गेलं, खरं ठिकाण हे, खरी वेळ ही, आमचा अर्ज फाइलला जोडून घ्या, आणि पोच घ्या. आईचं आणि जे सोबत होते त्यांच्यापैकी दोघांचं प्रतिज्ञापत्र करा, त्यात का लपवलं तेही सरळ लिहा, संकोच हे कारण न्यायाधीशालाही कळतं. मग बाकीच्या खुणा गोळा करा. आत जाताना ओळखपत्र बघतात आणि नोंद करतात, म्हणजे आई त्या रात्री तिथे होती याची नोंद त्यांच्याकडेच आहे. तिकिटाचे पैसे ऑनलाइन दिले असतील तर तो मेसेज. हाताला बांधलेला कागदी पट्टा कोणाच्या पर्समध्ये राहिला असेल तर तो. घरच्या ग्रुपवर त्या रात्री टाकलेले फोटो आणि 'आई पडली' असे मेसेज, वेळेसकट. व्हीलचेअर कोणी आणली, प्रथमोपचाराच्या वहीत लिहिलं का, छोट्या बोटीवर कोण होतं.

आणि सीसीटीव्ही. कॅसिनोइतके कॅमेरे दुसरीकडे क्वचितच असतील, पण रेकॉर्डिंग कायमचं ठेवत नाहीत, जुनं पुसून त्यावर नवीन चढत जातं, म्हणून आजच ईमेल आणि रजिस्टर पोस्ट दोन्ही करा, तारीख, अंदाजे वेळ, बुफेकडून टेबलांकडे जाणारी पायरी, आणि 'हे रेकॉर्डिंग जपून ठेवा, आयोगासमोर मागणार आहोत' एवढंच. समजा त्यांनी उत्तर दिलं की पुसलं गेलं, तर तेही उत्तर जपून ठेवा. आत फोटो काढू देत नाहीत त्यामुळे पायरीचा फोटो तुमच्याकडे नसेल, पण त्यांच्याच जाहिरातीत आणि आधी जाऊन आलेल्यांनी नेटवर टाकलेल्या फोटोत तो गालिचा आणि ती पायरी बऱ्याचदा सापडते, ते तारखेसकट साठवा, कारण तक्रार गेली की पायरीला पट्टी लागते.

तक्रार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली करा. गोव्यात खेपा घालाव्या लागणार नाहीत, तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाखल करता येते, म्हणजे तुम्हाला ओरोसचा, सिंधुदुर्गनगरीचा आयोग. मुदत घटनेपासून दोन वर्षं. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. खर्चात फक्त ऑपरेशनचं बिल धरू नका, रुग्णवाहिका, फिजिओ, वॉकर, कमोडची खुर्ची, घरात ठेवलेली बाई, तुमच्या बुडालेल्या रजा, आईला झालेला त्रास, सगळं लिहा आणि पावत्या जोडा. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधी कधी तिथेच मिटतं.

प्रश्न : भाऊ कॅसिनोच्या जहाजाकडे नेणाऱ्या लहान बोटीत चढताना जेटी आणि बोट यांच्यातल्या फटीत पाय जाऊन पडला, मनगट मोडलं. कॅसिनो म्हणतं बोट ठेकेदाराची, ठेकेदार म्हणतो जेटी सरकारची. आणि त्याच रात्री पाच हजाराचं व्हाउचर देऊन एका इंग्रजी कागदावर सही घेतली, आता ते म्हणतात तुमचं सगळं मिटलेलं आहे. तिकिटावरही 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं छापलेलं आहे. – देवगड

उत्तर : तिकिटात बोटीने नेणं-आणणं धरलेलं होतं ना? मग ती सेवा कॅसिनोनेच विकली, त्यांनी ती कोणाकडून करून घेतली हा त्यांचा आपसातला प्रश्न आहे, तुम्ही कॅसिनो आणि ठेकेदार दोघांनाही सामनेवाले, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते, करा आणि एकमेकांकडे बोटं दाखवायचं काम त्यांनाच आयोगासमोर करू द्या. बोट दोरीने घट्ट बांधली होती का, फळी टाकली होती का, हात द्यायला माणूस उभा होता का, हे त्या रात्री सोबत असलेल्यांकडून लिहून घ्या. त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळही काढून ठेवा, देवगडकरांना हे मी सांगायला नको, उधाणाच्या दिवशी सुकती लागली की बोट धक्क्याच्या केवढी खाली जाते ते तुम्ही रोज बघता, आणि हे त्यांनाही रोज माहीत असतं, म्हणून 'अचानक झालं' म्हणता येणार नाही.

छापील ओळीला घाबरू नका. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या केसमध्ये, दिल्लीच्या हॉटेलात पार्किंगला दिलेली गाडी चोरीला गेली होती, असं सांगितलं की मालकाच्या जोखमीवर असं पावतीवर छापलं म्हणून हॉटेलला आपल्या माणसांच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही. ती केस गाडीची होती, पण तत्त्व म्हणून तक्रारीत जरूर लिहा.

सहीचं जरा अवघड आहे. त्या कागदाची प्रत मागा, प्रत न देता सही घेतली असेल तर तेही लिहा. मनगट मोडलेलं, एक्सरे झालेला नाही, इंग्रजी कागद वाचून दाखवलेला नाही आणि व्हाउचरही परत तिथेच खेळायचं, अशा अवस्थेतली सही ही समजून उमजून केलेली तडजोड नव्हती असं म्हणता येतं, आणि पाच हजाराचं व्हाउचर आणि प्लेट घातलेल्या मनगटाचा खर्च यातली तफावत कोणालाही दिसेल. व्हाउचर वापरलं नसेल तर वापरू नका, परत पाठवा. बाकी वाचकांनी यावरून एक करा, दुखापत झालेल्या रात्री 'तक्रार नाही' अशा कुठल्याही कागदावर सही करायची नाही, घटनेची नोंद आहे म्हणाले तर वाचून, फोटो काढून, मगच.

प्रश्न : कॅसिनोत फरशीवर पेय सांडलेलं होतं, अर्धा तास कोणी पुसलं नाही, त्यावरून घसरून पडलो. पण मी तीन पेग घेतले होते. म्हणजे माझी केस संपली का? – वाचक, वेंगुर्ला

उत्तर : नाही. कमी होऊ शकते. तुमचाही दोष होता असं ठरलं तर भरपाईतून तेवढा भाग वजा होतो, पण फरशीवर सांडलेलं पेय अर्धा तास कोणी पुसलं नाही ही चूक तुमच्या पेगमुळे पुसली जात नाही, शिवाय दारू तिथेच, त्यांनीच, तिकिटात धरून दिली होती. डॉक्टरला पेगबद्दल खरं सांगा, भूल देताना त्याची गरज असते. फक्त तुमची खाजगी अपघात पॉलिसी असेल तर तिच्या अटी वाचा, नशेत झालेला अपघात बऱ्याच पॉलिसी वगळतात.

प्रश्न : मी बांद्याहून रोज ये-जा करते, कॅसिनोत जेवण-पेयं वाढायचं काम. किचनमधून ट्रे घेऊन येताना ओल्या लादीवर घसरले, गुडघ्याचा लिगामेंट गेला. सुपरवायझर म्हणाला घरी पडलीस असं सांग, नाहीतर कामावर ठेवणार नाहीत. पगार १७ हजार. महिनाभर घरी आहे, पगार बंद. – बांदा

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून सगळ्यात जास्त राग आला. पाहुणे पडतात तेव्हा निदान व्हीलचेअर तरी येते, आणि दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा इथली जी पोरं-पोरी रात्री ट्रे घेऊन, पत्ते वाटत, लाद्या पुसत उभी असतात त्यांच्या पडण्याची नोंदच होत नाही.

पगाराच्या चिठ्ठीवर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलेला दिसतो का बघा. महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना ती योजना लागू असते, ज्या ठिकाणी ती लागू आहे तिथे. कापलेला असेल तर हा कामावरचा अपघात आहे आणि डॉक्टरने कामाला अयोग्य ठरवलेल्या काळात साधारण पगाराच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो, उपचार वेगळे. मालकाने अपघाताचा रिपोर्ट ईएसआयला पाठवायचा असतो, तो पाठवला नसेल तर तुम्ही स्वतः शाखा कार्यालयात लेखी कळवा, घटना, तारीख, शिफ्ट, सोबत कोण होतं ते सगळं लिहून. कामावर येता-जाता वाटेत झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, यात धरतात, रात्री तीनला दुचाकीवरून घरी येणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवा. ईएसआय लागू नसेल तरी कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाकडून मागायचा हक्क कायद्याने आहेच, त्यासाठी गोव्याच्या कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करा, ठेकेदारामार्फत कामाला असलात तरी.

सुपरवायझरने तोंडी सांगितलं की मेसेज केला? मेसेज असेल तर डिलीट करू नका. आणि घरी पडले असं कुठेही लिहून देऊ नका, ते एक वाक्य लिहिलंत की वर लिहिलेलं सगळं हातातून जातं. नोकरीची भीती खरी आहे, ती मी खोटी ठरवत नाही, पण गुडघा नीट झाला नाही तर उभं राहून करायची ती नोकरी तशीही टिकणार नाही.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत असतो, पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं जाणार, तो लास वेगासला नेणार आहे. ओळखीच्या एक काकू तिथे कॅसिनोच्या एस्केलेटरवर पडल्या आणि हॉस्पिटलच्या बिलाने मुलाचं कंबरडं मोडलं असं ऐकलं. आमचं वय ६८ आणि ७१. आधी काय करून ठेवावं? – रत्नागिरी

उत्तर : विमा, आणि तो मुलाने तिथून ऑनलाइन घेण्याआधी अटी वाचून. पाहुण्यांच्या विम्यात दोन जाती असतात, एकात प्रत्येक उपचाराला ठराविक रक्कम ठरलेली असते, ती स्वस्त पडते आणि मोठ्या अपघातात अगदीच अपुरी, दुसऱ्यात एकूण मर्यादेपर्यंत खर्चाचा मोठा वाटा मिळतो. दुसरी घ्या. सत्तरीनंतर मर्यादा कमी होते म्हणून तुमच्यापैकी ज्यांचं वय ७१ आहे त्यांची पॉलिसी वेगळी नीट बघा.

तिकडच्या इमर्जन्सी विभागाला १९८६ च्या कायद्याने पेशंटला तपासून स्थिर करावंच लागतं, पैसे आहेत की नाहीत हे बघून परत पाठवता येत नाही. बिल मात्र नंतर येतं, म्हणून बिलाच्या भीतीने जायचं टाळू नका, आणि बिल आलं म्हणून लगेच भरूही नका, आधी विमा कंपनीला कळवा.

कॅसिनोच्या चुकीने पडलात तर वेगास ज्या नेवाडा राज्यात आहे तिथे दुखापतीचा दावा दोन वर्षांच्या आत लावता येतो, आणि तुमचा स्वतःचा दोष समोरच्यापेक्षा जास्त ठरला तर काहीच मिळत नाही, कमी किंवा समसमान असेल तर तेवढं वजा होऊन मिळतं. तिथले वकील अशा केसेस बहुधा आधी पैसे न घेता, मिळालेल्या रकमेतल्या वाट्यावर घेतात, तो वाटा एक तृतीयांशाच्या आसपास असतो. पण अमेरिकेतले सगळे कॅसिनो एकाच कायद्याखाली नाहीत, मूळनिवासी जमातींच्या जमिनीवरचे कॅसिनो त्या जमातीच्या स्वतःच्या नियमांनी चालतात, तिथे तक्रारीची मुदत खूप कमी असू शकते, मुलाला हे सांगून ठेवा. आणि तिथेही तेच, सिक्युरिटीला बोलावून रिपोर्ट लिहून घ्या, त्याचा नंबर घ्या, त्या दिवशीच्या चपला-बूट धुवू नका, जपून ठेवा.

एस्केलेटरबद्दल म्हणाल तर आपल्याकडे रत्नागिरीत रोजची सवय नसते, तुमच्यापैकी जी साडी नेसणार असेल तिने सरळ लिफ्टच मागावी, प्रत्येक ठिकाणी असते. आणि तिथली हॉटेलं इतकी लांबच लांब असतात की पार्किंगपासून जेवणाच्या जागेपर्यंतच चालून पाय दुखतात, व्हीलचेअर मागायला लाजू नका.

प्रश्न : आमच्या वाडीतले तीसेक जण शिमग्यानंतर गोव्याक जातत, यंदा पोरांनी कॅसिनोचो हट्ट धरलोहा, त्यात पाच-सहा जण साठीच्या वरचे. कोणाक काय होव नये म्हणान काय करूचा ता सांगा. – कुडाळ

उत्तर : आधी माणसं मोजा. २१ वर्षांखालच्यांना खेळाच्या जागी प्रवेश नाही, आणि गोव्याच्या रहिवाशांनाही २०२० पासून कॅसिनोत जायला बंदी आहे, त्यामुळे म्हापशाचे पाहुणे सोबत येणार असतील तर ते बाहेरच राहतील आणि रात्री जेटीवर गोंधळ होईल, आणि गोंधळातच माणसं पडतात.

ज्येष्ठांना सपाट, मागे पट्टा असलेल्या चपला किंवा बूट घालायला सांगा, कोरी कोल्हापुरी नको, गालिच्यावर अडकते आणि ओल्या फळीवर सरकते. बोटीत चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, फोन खिशात, व्हिडिओ काढायला पुढे कोणीतरी पोर असतंच. आत गेल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं एका जागी बसवा, डोळे सरावू देत. ज्यांच्या चष्म्यात वर लांबचं आणि खाली जवळचं अशी काच आहे त्यांना पायरी उतरताना खालच्या काचेतून जमीन धूसर दिसते, त्यांनी मान खाली घालून वरच्या काचेतून बघायचं किंवा कोणाचा तरी हात धरायचा.

ब्लड प्रेशरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांवर जास्त लक्ष ठेवा, विशेषतः लघवी होणारी गोळी असेल तर. दोन-तीन तास खुर्चीवर बसून एकदम उठलं की रक्तदाब खाली येतो, डोळ्यापुढे अंधारी येते आणि माणूस तिथेच कोसळतो, लोकांना वाटतं जास्त झाली, प्यायलेला नसला तरी. एसीमध्ये तहान लागत नाही म्हणून पाणी कोणी पीत नाही, ते आग्रह करून द्यायचं. उठताना आधी पाय हलवायचे, मग खुर्ची धरून उभं राहायचं, दहा आकडे मोजायचे, मग चालायचं.

जाताना सगळे सावध असतात, पडतात ते परत येताना. रात्रीचे दोन वाजलेले, झोप, पोटात थोडी दारू, बोटीसाठी गर्दी आणि मागून ढकलणारी अनोळखी माणसं. म्हणून म्हाताऱ्यांना अकरापर्यंत वेगळ्या फेरीने परत आणा, आणि पोरांतल्या दोघांनी त्या रात्री प्यायची नाही हे निघायच्या आधीच ठरवा, बोटीत बसल्यावर ठरत नाही.

कोणी पडलंच तर लगेच बगलेत हात घालून उभं करू नका, हे आपण सगळेच करतो आणि तेच चुकतं. खुबा दुखतोय, एक पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर हाड मोडलंय असंच धरा आणि झोपलेल्या जागी आधार देऊन ठेवा, स्ट्रेचर येऊ दे. डोकं आपटलं आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर माणूस हसत बोलत असला तरी हॉस्पिटलात न्यायचंच, स्कॅन करावं लागेल का ते डॉक्टर सांगतील, म्हाताऱ्यांच्या डोक्यात हळू रक्त साचून आठवड्या-दोन आठवड्यांनी त्रास दिसू शकतो, त्यामुळे घरी आल्यावरही कोणी विसरभोळं झालं, चालताना झुकायला लागलं तर ती पडल्याची गोष्ट डॉक्टरला आठवणीने सांगा. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत व्हावं असं हाडांचे डॉक्टर सांगतात, 'आधी गावात नेऊया मग बघू' म्हणून वेळ घालवू नका. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर गोव्यातही चालतो, आणि बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज आपल्या लोकांना नवीन नाही. प्रत्येकाचं आधार कार्ड, गोळ्यांची यादी आणि घरच्यांचा नंबर एका पाकिटात घालून ज्याने प्यायची नाही त्याच्याकडे द्या.

आणखी एक, वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बऱ्याच जणांच्या बँक खात्यातून कापली जाते आणि त्यांना वाटतं पडल्याचा खर्च त्यातून मिळेल, तसं नाही, ती अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी आहे, दोन लाखांपर्यंत, वय ७० पर्यंत. मोडलेल्या हाताच्या प्लॅस्टरला त्यातून काही मिळणार नाही. तीस जणांची सहल आहे तर दोन-चार दिवसांची सामूहिक प्रवास विमा पॉलिसी विचारून बघा, माणशी फार पडत नाही, आणि बसवाल्याला आजच सांगून ठेवा की रात्री अकराची एक आणि नंतरची एक अशा दोन खेपा लागतील.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न १५ तारखेपर्यंत पाठवा, घटना कधी आणि कुठे झाली ते लिहा, नाव छापायचं नसेल तर तसं कळवा.)